दोरावर खोटं चालत नाही

आमच्या सासऱ्यांनी सगळं आयुष्य लोकांच्या विहिरीत काढलं. म्हणजे बुडी मारण्यात. वारंगा फाट्याच्या आजूबाजूच्या गावांत कुणाची पाणबुडी मोटार पाइपासकट खाली गेली, कुणाचा फुटवाल, म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, गाळात रुतला, कुणाच्या नव्या सुनेच्या हातून पितळी कळशी सुटली, की माणूस आमच्या दारात येऊन उभा. "बुडीवाले ग्यानबा हायेत का घरी?" आमच्याकडे सगळीकडे हळद, आणि हळदीला पाण्याची घाई झाली की नेमक्या त्याच आठवड्यात मोटारी जातात, हा ठरलेला नियम आहे. मामा हातातली विडी विझवून कानावर ठेवायचे आणि निघायचे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या मागून आत्याबाई, म्हणजे माझी सासू द्वारकाबाई, खांद्यावर दोराचं वेटाळं घेऊन.

ह्या दोराचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोराचं एक टोक मामांच्या कमरेला आणि दुसरं आत्याबाईंच्या हातात. गावात तालमीतले गडी कमी नव्हते, पण मामांनी ते टोक दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. म्हणायचे, गड्याला जोर असतो, ध्यान नसतं. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून दोघांची खूण ठरलेली. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे सापडलं. वरून खाली द्या नाहीतर खालून वर द्या, अर्थ तोच. जमिनीवर ह्या नवराबायकोचं धड एक वाक्य भांडणाशिवाय पुरं होत नसे. दोरावर मात्र त्यांची कधी चूक झाली नाही.

विहिरीचे मालक वर उभे राहून घाई करायचे. "वैनी, खेचा ना दोर, सांगा त्याला, हात लागंस्तोर येऊ नको म्हनावं." आत्याबाई त्यांच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "तुमी तोंडानं काई बी बोला," म्हणायच्या. "दोरावर खोटं चालत न्हाई."

पाण्याच्या दाबानं मामांचे कान गेले. आधी उजवा, मग डावा. आता कानाला तोंड लावून ओरडलं तरच ऐकू येतं, आणि नाही आलं तर ते सरळ "व्हय" म्हणतात. सून म्हणून मला हे फार सोयीचं वाटायचं. आज पिठलं करू का म्हटलं तरी व्हय, पाहुणे येणार आहेत म्हटलं तरी व्हय.

मग खोकला लागला. दिवाळीपासून लागला तो थांबेचना. वजन उतरलं. एका खाजगी डॉक्टरनं एक्सरे काढला, छातीत डाग दिसला, म्हणाला टीबी असणार. थुंकीत काही निघालं नाही, तरी गोळ्या सुरू केल्या. मामांनी त्या इमानानं खाल्ल्या. होळी गेली, पाडवा गेला, हळद शिजवून झाली, आणि एका सकाळी तोंड धुताना मोरीत रक्त पडलं. आत्याबाईंनी पाणी ओतून ते घालवलं आणि मला येऊन सांगितलं. माझं डी.एड. झालेलं आहे, म्हणजे मी शिकलेली आहे आणि घरीच आहे, त्यामुळे दवाखान्याचं सगळं माझ्याकडं येतं.

आम्ही त्यांना हिंगोलीला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. त्या मॅडम होत्या, बोलायला शांत. त्यांनी सिटी स्कॅन करायला लावला आणि पडद्यावर दाखवलं. उजव्या फुप्फुसात, पाठीच्या अंगाला, लिंबाएवढी पांढरी गाठ होती.

"मला ही टीबी वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण वाटण्यावर औषध देता येत नाही. आधी दिलं, त्यात एवढे महिने गेले. ह्या गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाहिजे. तुकडा हाती आला तर औषध ठरवता येईल. नाही आला तर आपण अंधारातच."

तुकडा काढायचा तो सुईनं. नांदेडचे एक स्कॅनचे डॉक्टर दर गुरुवारी हिंगोलीतल्या स्कॅन सेंटरवर येतात, ते मशीनमध्ये बघून गाठीचं ठिकाण मोजतात आणि पाठीतून, दोन बरगड्यांच्या मधून, नेमकी तिथं सुई घालतात. कुठं हात चाचपडत नाहीत, कुठं चिरत नाहीत. मला ऐकून बरं वाटलं. माझ्या नवऱ्यालाही वाटलं. त्यांचं नाव विश्वंभर. नवऱ्याचं नाव घेते म्हणून आत्याबाई नाक मुरडतात, पण हे हे करून गोष्ट सांगता येत नाही. फाट्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बाप मोटार बाहेर काढणार, लेक भरून देणार, असा आमच्या घरचा धंदा.

गावात मात्र बातमी गेली आणि शेजारचे सोनाजी, आत्याबाईंचे भाऊजी म्हणून सगळ्या घराचेच भाऊजी, मोबाइल घेऊन हजर झाले. त्यात कुणीतरी दाढीवाला माणूस सांगत होता की गाठीला सुई लावली की ती भडकते. "बघ वैष्णवे," भाऊजी म्हणाले, "झोपलेल्या सापाला काहून डिवचायचं?" मी म्हटलं, "भाऊजी, साप हाय का दोरी हाय ते तर बघू." ते रुसून गेले. पण खरं सांगते, त्या रात्री मीसुद्धा तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि मग मॅडमना फोन करून विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मला रोज कुणीतरी विचारतं. सुईनं गाठ भडकते ही भीती आहे. न तपासता थांबलं तर गाठ वाढते, ही खात्री आहे."

पहिल्या गुरुवारी जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं आणि लगेच वाईटही वाटतं.

गाठ पाठीकडं, म्हणून मामांना मशीनच्या फळीवर पालथं झोपवलं. तोंड खाली, हात डोक्याच्या वर. खोलीचं जाड दार लागलं. अलीकडच्या खोलीत काच, काचेमागे मशीन चालवणारा रणजीत नावाचा मुलगा आणि शेजारी डॉक्टर. रणजीत माइकवर म्हणाला, "काका, श्वास धरा." काकांना काय ऐकू येणार. तेव्हा तो आत गेला आणि कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "काका, श्वास धरा."

हे मामांना कळलं. आयुष्यात ह्याच्याइतकं दुसरं काही त्यांना कळत नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली. विहिरीच्या काठावर घेत तशी, पोटापासून खांद्यापर्यंत, आणि धरली.

फोटो निघाला. डॉक्टरांनी मोजमाप घेतलं. पुन्हा "धरा" सांगितलं, मामांनी ह्या वेळी आणखी जोरात भरली. दुसऱ्या फोटोत गाठ बरगडीच्या आड गेली होती. तिसऱ्यात तिसरीकडं. फुप्फुस फुगलं की गाठ खाली सरकते, आणि मामा दर वेळी वेगळं फुगवत होते. त्यात रणजीतनं "सोडा" म्हटलेलं त्यांना ऐकूच आलं नाही. ते तसेच. रणजीत काचेतून बघत राहिला, पाठ हलेना. तो घाबरून धावत आत गेला आणि त्यांना हलवलं. मामांनी मान वळवली आणि अभिमानानं विचारलं, "आनखी धरू का?"

आणि मग खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना. फळीवरच्या चादरीवर रक्ताचे थेंब पडले. डॉक्टरांनी सुई न लावताच काम थांबवलं.

बाहेर येऊन ते आमच्याशी नीट बोलले. "त्यांचा श्वास फार मोठा आहे," ते म्हणाले. "मला मोठा नको. रोजचा पाहिजे. साधा श्वास घ्यायचा, साधा सोडायचा आणि सोडल्यावर तिथंच थांबायचं. मग गाठ दर वेळी एकाच जागी सापडते. सुई आत असताना गाठ सरकली, किंवा ते अचानक खोकले, तर फुप्फुसाला इजा होईल. तो धोका मी घेणार नाही."

"आन असं जमलंच न्हाई तर?" विश्वंभरनी विचारलं.

"तर मोठं ऑपरेशन करून तुकडा काढावा लागेल. ह्यांचं वजन बघता ते झेपेल असं मला वाटत नाही. पुढच्या गुरुवारी एकदा बघू. एकदाच."

जीपमध्ये, कळमनुरी मागं पडल्यावर, मामा एकदम म्हणाले, "मी न्हाई येत आता. सारी जिंदगी दमावर काढली, आन ह्यो म्हनून राहिला, तुमचा दम बराबर न्हाई." विश्वंभर त्यांच्या कानात ओरडून समजावत होते आणि मामा व्हय व्हय म्हणत खिडकीबाहेर बघत होते. मला दोघांचाही राग आला. ओरडून कुणाला काही पटल्याचं मी आजवर बघितलेलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. "डॉक्टर नेमकं काय मागून राहिला, ते मला सांग."

मी सांगितलं. साधा श्वास, सोडल्यावर थांबायचं, रिकाम्या छातीनं.

आत्याबाईंचा हात पिठातच राहिला. "रिकाम्या छातीनं," त्या म्हणाल्या. "आगं, बुडीवाल्याला मर म्हनल्यावानी हाय ते. पान्याखाली छाती रिकामी झाली की मानूस गेला. त्यायच्या अंगात न्हाई बसायचं ते."

"मग कसं करायचं?"

भाकरी झाल्या, जेवणं झाली, आणि दुपारी त्यांनी खुंटीवरचा दोर काढला.

मामा अंगणात बाजेवर पडले होते. आत्याबाईंनी त्यांना हातानं खुणावून पालथं व्हायला लावलं. दोराचं टोक कमरेऐवजी मनगटाला बांधलं आणि स्वतः मागे ओट्यावर जाऊन बसल्या. मामांना काय चाललंय ते समजेना, पण हाताला दोर लागला तसे ते गप्प पडून राहिले. आत्याबाईंनी एक झटका दिला. थांब.

मामांनी छाती भरून घेतली.

आत्याबाईंनी दोन झटके दिले, वर, म्हणजे सोडा. मग उठून बाजेजवळ गेल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "भरू नका. विहिरीत थांब म्हनलं की कसं थांबता? हाय तिथं. तसंच थांबा. जेवढा दम हाय तेवढ्यावर."

"आन दम सरला तर?" मामांनी विचारलं.

"मी वर हाय ना."

मामांनी तोंड पुन्हा खाली केलं.

तो आठवडा आमच्या अंगणात हेच चाललं. सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुपारी कामं उरकल्यावर. एक झटका, थांब. दोन, घे श्वास. पहिल्यांदा मामा दर वेळी चुकायचे. थांब म्हटलं की छाती आपोआप फुगायची, मग स्वतःवरच चिडायचे. विश्वंभर दुकान उघडायच्या आधी त्यांच्या पाठीवर तळहात ठेवून बसायचे, पाठ किती वर येते ते बघायला. त्यांच्या हाताला मोटारीच्या वार्निशचा वास. मला वाटतं, लहानपणानंतर बापाला त्यांनी पहिल्यांदाच एवढा वेळ हात लावला असेल.

सोनाजी भाऊजी कुंपणावरून बघत होते. "काय वैनी, म्हातारं पळून जाईल म्हनून बांधलंय का?"

"लगीन झालं तवापून बांधलंय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी आज बघून राहिले."

मंगळवारी दुपारी मामांनी श्वास सोडला आणि झटका आला तेव्हा नुसतेच थांबले. छाती रिकामी. विश्वंभरच्या हाताखाली पाठ अगदी स्थिर. मामांचे कान लाल झाले, बोटं बाजेच्या सुंभात रुतली, पण त्यांनी श्वास आत घेतला नाही. दोन झटके आले तेव्हाच घेतला. विश्वंभरनी आईकडे बघून मान हलवली. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि उठून शेळीला पाला घातला. त्या दिवशी मामांनी दोन भाकरी खाल्ल्या.

गुरुवारी आत्याबाई दोर घेऊनच हिंगोलीला आल्या. स्कॅन सेंटरवर लोक बघत होते, काहींना वाटलं आम्ही बैलबाजारातून आलोय. मी डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं. माझी भीती होती की ते हसतील. ते हसले नाहीत, पण लगेच हो पण म्हणाले नाहीत. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "त्यांना खोकला येणार असेल तर तुम्हाला आधी कळेल?"

"ते सांगतील," आत्याबाई म्हणाल्या. "दोर दोनी बाजूनं चालतो."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "फोटो निघताना आत कुणाला थांबता येत नाही. दाराबाहेर बसा."

पण आमचा दोर दाराखालच्या फटीतून जाईना, आणि स्वच्छही नव्हता. रणजीतनं कपाटातून बँडेजच्या पट्टीचं नवं कोरं भेंडोळं काढलं. आत्याबाईंनी ते दोन्ही हातांनी ताणून बघितलं, नापसंतीनं मान हलवली आणि पट्टी दुहेरी करून पीळ घातला. मग त्यांनी आत जाऊन ती मामांच्या मनगटाला बांधली. गाठ मात्र विहिरीवरचीच मारली. बाहेर येऊन त्या दाराशी खाली बसल्या. खुर्ची आणली होती, त्यावर बसल्या नाहीत. मी त्यांच्या आणि काचेच्या मध्ये उभी राहिले. डॉक्टर रणजीतला सांगणार, रणजीत मला, मी आत्याबाईंना.

"थांब," रणजीत म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. आत्याबाईंनी मामांची लय ओळखून क्षणभर वाट बघितली आणि एक झटका दिला. काचेपलीकडे मामांची पाठ स्थिर झाली. फोटो निघाला. "घ्या श्वास." दोन झटके. पाठ वर आली.

पुन्हा फोटो. पुन्हा एक. डॉक्टर पडद्याकडे वाकून बघत होते. पडद्यावर फुप्फुस काळं दिसत होतं आणि त्यात ती पांढरी गाठ. पहिल्या फोटोत जिथं, तिथंच दुसऱ्यात, तिथंच तिसऱ्यात. डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "सुंदर." मला वाटलं, बाई गं, असल्या गोष्टीला सुंदर म्हणतात का. पण मलाही ते सुंदरच वाटलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर जाड एप्रन घालून आत गेले. मामांच्या पाठीवर खूण केली, तेवढी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, मग लांब सुई हातात घेतली. रणजीत म्हणाला, "थांब." मी म्हटलं, "थांब." आत्याबाईंनी हात उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

आतून पट्टीला झटका आला होता. एक.

"डॉक्टरला थांब म्हना," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "ते थांब म्हनून राहिलेत."

रणजीतनं माइकवर सांगितलं. डॉक्टरांचा हात पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला. आणि मामा खोकले. सगळं अंग हललं, फळी हलली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. सुई आत असती तर काय झालं असतं ते मला अजून डोळ्यांपुढं आणवत नाही. डॉक्टर हात वर धरून उभे राहिले, घाई केली नाही. उबळ ओसरली. मामांची पाठ हळूहळू आपल्या लयीवर आली. आत्याबाई बोटांत पट्टी धरून डोळे मिटून बसल्या होत्या. मी काचेतून बघून सांगायच्या आधी त्यांनाच कळलं. "आता चालंल," त्या म्हणाल्या.

एक झटका. पाठ थांबली. सुई गेली. डॉक्टर बाहेर आले, पुन्हा फोटो काढला. पडद्यावर एक पांढरी बारीक रेघ गाठीच्या दिशेनं गेलेली दिसली. थोडी उरली होती. पुन्हा थांब, पुन्हा थोडी आत, पुन्हा फोटो, आणि आता रेघेचं टोक बरोबर गाठीत होतं. मग खटका वाजल्यासारखा आवाज आला. डॉक्टरांनी सुईतून काहीतरी काढून बाटलीत टाकलं. असं तीन-चारदा केलं.

रणजीतनं बाटली उजेडात धरून दाखवली. पाण्यासारख्या औषधात शेवयांचे बारीक पांढरे तुकडे असावेत तसं काहीतरी तरंगत होतं. एवढ्यासाठी एवढं.

"काकू, द्या ना तीन झटके," तो हसून म्हणाला. त्याला आम्ही खुणा शिकवल्या होत्या. "सापडलं म्हणा काकांना."

"सापडलं कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. "तुकडा निघाला. काय निघालं ते कळू दे." त्यांनी दोनच झटके दिले.

नंतर मामांचा एक्सरे काढला. फुप्फुसाभोवती हवा शिरली नव्हती, म्हणजे सुईनं फुप्फुसाला इजा झाली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांना तिथंच पडून राहायला लावलं आणि मग आम्ही घरी आलो.

रिपोर्ट यायला पंधरवडा गेला. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी गाठ हा शब्द काढला नाही. साडीच्या पदराला गाठ मारली तरी मी ती पटकन सोडायची.

मॅडमचा फोन आला तसे आम्ही चौघंही गेलो. आत जायच्या आधी विश्वंभरनी मला आणि आईला बाजूला घेतलं. "वाईट निघालं तरी बाबांना सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "टीबीच हाय म्हनायचं. त्यायला ऐकू तर येत न्हाई."

मला संताप आला. माणसाला ऐकू येत नाही म्हणून त्याला फसवणं सोपं, हे काय बोलणं झालं. पण हे सांगताना विश्वंभरचा आवाज फाटला होता आणि ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. म्हणून मी गप्प बसले. आत्याबाई जाऊन मामांपाशी उभ्या राहिल्या.

मॅडमनी मामांना स्टुलावर बसवलं आणि आमच्याकडे बघून सांगितलं. कॅन्सर आहे. पण कोणत्या जातीचा ते त्या तुकड्यावरून कळलं होतं, आणि त्याच तुकड्याच्या आणखी एका तपासणीवरून असंही कळलं होतं की ह्याला रोज घ्यायची गोळी चालते. "पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळी लागू पडली तर गाठ आकसते, खोकला कमी होतो. पुष्कळांना चांगला काळ मिळतो. आता आपण अंधारात नाही."

मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मी खाली बघितलं. विश्वंभर वाकले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि त्यांच्या कानात मोठ्यानं म्हणाले, "काई न्हाई बाबा. टीबीच हाय. नुसती गोळी बदलायची."

"व्हय," मामा म्हणाले.

तो नेहमीचा व्हय नव्हता. त्यांनी लेकाच्या हसऱ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. मग मान न वळवता हात बाजूला केला आणि आत्याबाईंच्या पुढं मनगट धरलं.

आत्याबाईंनी विश्वंभरकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको. मॅडम लिहायच्या थांबल्या. आत्याबाईंनी मामांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं, त्याचं टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळलं आणि विहिरीवरची गाठ मारली. दुसरं टोक हातात घेतलं.

एक. दोन. तीन. सापडलं.

"आई, काहून?" विश्वंभर म्हणाले. ते रडत होते.

"दोरावर खोटं चालत न्हाई, बापू."

मामा तसेच बसले. त्यांनी साधा श्वास घेतला, साधा सोडला आणि तिथंच थांबले. भिंतीवरचा पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. मी मनातल्या मनात म्हणत होते, घ्या, मामा, घ्या ना आत.

मग त्यांचा हात हलला. उपरण्याला झटका बसला. एक, आणि लगेच दुसरा.

आत्याबाईंनी उपरणं तळहाताला वेढून घेतलं, विहिरीवर घेतात तसं, पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि मॅडमना म्हणाल्या, "वर ओढा म्हनून राहिलेत. कवापून सुरू करायची गोळी?"